वाट कोणी अडवली?
मुरळीपासून कामाठीपुऱ्यापर्यंतचा इतिहास



विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत असला विषय कशाला, असे काहींना वाटेल. घरातल्या लेकी-सुना ही स्मरणिका वाचणार आहेत. पण ज्या विषयावर परमपूज्य बाबासाहेबांनी परळच्या दामोदर हॉलमध्ये भर सभेत भाषण केले, तो विषय आपण दाराआड कुजबुजत बोलावा, हे बरे नाही. उलट लेकी-सुनांनीच तो आधी वाचावा.

वेश्याव्यवसायात गेलेल्या बाईविषयी बोलणे निघाले की आपल्याकडे दोनच गोष्टी ऐकू येतात. एक म्हणतो, "तिला हौसच होती." दुसरा म्हणतो, "बिचारीला फसवली." पहिला सगळा दोष तिच्या माथी मारून मोकळा होतो. दुसरा तिला अक्कल नसलेले लेकरू ठरवतो. आपखुशी कुठे संपते आणि सक्ती कुठे सुरू होते, हे एवढे सोपे असते तर प्रश्नच नव्हता. म्हणून इतिहासात काय घडले ते बघू.

आधी तथागतांच्या काळात जाऊ. काशीला अड्ढकासी नावाची गणिका होती. तिने तो मार्ग सोडून भिक्खुणी होण्याचे ठरवले. उपसंपदा घेण्यासाठी तिला श्रावस्तीला भगवंतांकडे जायचे होते. हे कळताच काही गुंड तिच्या वाटेवर दबा धरून बसले. आता बघा, बाईचा निर्णय झाला होता, मन पक्के होते, पण वाटच अडवलेली. तिने भगवंतांना निरोप धाडला. तेव्हा तथागतांनी तिला "आधी इथवर ये, मग बघू" असे म्हटले नाही. त्यांनी संघाचा नियमच बदलला आणि दूतामार्फत उपसंपदा देण्याची परवानगी दिली. ही हकीकत विनयपिटकात आहे. विमला आणि वैशालीची आम्रपाली या थेरीही पूर्वायुष्यात गणिकाच होत्या. संघाने त्यांना भूतकाळ विचारून दारात उभे ठेवले नाही, आणि त्यांच्या गाथा थेरीगाथेत मानाने राखल्या.

आणखी एक गोष्ट. उपासकाने कोणते पाच व्यापार करू नयेत, हे भगवंतांनी अंगुत्तर निकायात सांगितले आहे. शस्त्रे, मांस, मद्य आणि विष यांच्या व्यापाराबरोबर तिथे 'सत्तवणिज्जा' म्हणजे जिवंत प्राण्यांचा, माणसांचा व्यापारही वर्ज्य सांगितला आहे. दोष माणसे विकणाऱ्यावर ठेवला आहे. विकल्या गेलेल्या माणसावर नाही. ही गोष्ट आपण विसरतो.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी मूल जगत नाही, नवस फेडायचा आहे, पोरीच्या केसात जट आली आहे, असल्या कारणांनी पोरगी देवाला सोडत. खंडोबाला सोडली की मुरळी, यल्लम्माला सोडली की जोगतीण किंवा देवदासी. लग्न देवाशी लागले, म्हणून माणसाशी लग्न करायची बंदी. या पोरी बहुतेक महार-मांगांच्याच असायच्या. देव सगळ्यांचा, पण लेकरू मात्र अस्पृश्याचे! गळ्यात माळ पडली तेव्हा तिचे वय काय होते? तिला कोणी विचारले होते का? वयात आल्यावर गावचा कोणी धनवान तिला ठेवी, नाहीतर दलाल मुंबई-पुण्याची वाट दाखवी. मग कामाठीपुऱ्याच्या पिंजऱ्यात बसलेल्या त्या बाईला कोणी विचारले, तर तीही म्हणे, "देवाच्या मर्जीने, माझ्या राजीखुशीने." सहाव्या वर्षी बांधलेली गाठ सोळाव्या वर्षी स्वतःचीच वाटू लागते. धर्माच्या नावाने केलेली सक्ती अशी असते. तिला साखळदंड लागत नाही.

या रूढीविरुद्ध आपल्यातूनच पहिला जोरदार आवाज उठवला तो पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी. त्यांच्या 'सोमवंशीय मित्र' या मासिकातून त्यांनी मुरळ्या सोडण्याच्या चालीवर टीका केली. ते वाचून शिवूबाई लक्ष्मण जाधव या मुरळीने 1909 च्या सुमारास त्या मासिकाला पत्र लिहिले आणि मुरळीच्या जिण्याची व्यथा मांडली. कांबळे यांचे सहकारी गणपतराव हणमंतराव गायकवाड यांनी पुढे शिवूबाईंशी लग्न केले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या 1989 च्या पुस्तकामुळे ही माणसे आपल्याला पुन्हा माहीत झाली. यातला बोध असा की शिवूबाई बोलल्या, ही त्यांची हिंमत. पण कोणीतरी घराचे दार उघडले, म्हणून त्या हिंमतीला पुढे घर मिळाले.

त्याच काळात मुंबई शहरात काय चालले होते? 1917 साली डंकन रोडवरच्या कुंटणखान्यात आकूताई नावाच्या बाईचा छळ करून खून झाला. तिचा गुन्हा एवढाच, की तिने तिथून पळायचा प्रयत्न केला होता. या खटल्याने शहर हादरले. 1923 साली मुंबई सरकारने वेश्याव्यवसायाला आळा घालणारा कायदा केला. कुंटणखान्याचा हिशेब साधा असे. बाईला आणण्याचा खर्च तिच्याच नावावर, कपडालत्ता तिच्याच नावावर, औषधपाणीही तिच्याच नावावर. वही घरवालीच्या हातात. कर्ज फिटेपर्यंत निघायचे नाही, आणि कर्ज काही फिटायचे नाही.

इथे काही शिकलेली माणसे म्हणतात, गिरणी कामगारही पोटासाठीच अंग झिजवतो, मग फरक काय? मी साच्यावर काम केलेला माणूस आहे, म्हणून उत्तर देतो. गिरणीतही कोणी हौसेने जात नव्हते. गावी जमीन नव्हती, म्हणून आपली माणसे मुंबईला आली. बदली कामगार तर रोज दारावर उभा राहून आज काम मिळेल का, याची वाट बघायचा. पण पाळी सुटली की तो बाहेर पडायचा. मालक नको झाला तर दुसऱ्या गिरणीत जायचा. युनियन होती, फंड होता, संप करता येत होता. आणि गिरणीतून घरी आलेल्या माणसाला कोणी वाळीत टाकत नव्हते. गरिबी दोन्हीकडे सारखी असली तरी दोन्हीकडची सक्ती सारखी नव्हती. सक्ती ओळखायची तर माझ्या मते तीन प्रश्न विचारावेत. तिला नाही म्हणता येते का? तिला निघून जाता येते का? आणि निघाल्यावर तिच्यासाठी कुठले दार उघडे आहे का?

1934 साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा आला. त्यात एक महत्त्वाची गोष्ट होती. मुलीची संमती असो वा नसो, तिला देवाला वाहणे बेकायदा ठरवले. म्हणजे अशा संमतीला अर्थ नसतो, हे कायद्याने मान्य केले. शिवाय देवदासीला लग्न करण्याचा हक्क दिला.

मग आला 16 जून 1936 चा दिवस. येवल्याची धर्मांतराची घोषणा 1935 साली झालेली होती. 1936 च्या मे-जूनमध्ये मुंबईत महार परिषद भरून गेली होती. त्यानंतर दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी, पोतराज, आराधी जमले. बाबासाहेबांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. माझ्याबरोबर यायचे असेल तर हे जिणे सोडावे लागेल, असे त्यांनी रोखठोक सांगितले. पोट कसे भरायचे असे विचाराल, तर त्याचे शेकडो मार्ग आहेत, पण हे सोडाच, असा त्यांचा आग्रह होता. काहींना हे बोलणे कठोर वाटते. मला त्यात फार मोठा मान दिसतो. ज्या बायांना सगळे जग एकतर पापिणी म्हणे, नाहीतर बिचाऱ्या म्हणे, त्यांना बाबासाहेबांनी स्वतःचा निर्णय घेऊ शकणारी माणसे मानले. मात्र त्या निर्णयाचा अर्धा भार समाजावर होता. त्यांनी सोडायचे आणि आपण सामावून घ्यायचे. पहिले अर्धे आपण भाषणात सांगतो, दुसरे अर्धे विसरतो.

स्वातंत्र्यानंतर 1956 चा कायदा झाला. त्याने कुंटणखाना चालवणे, दलाली करणे, बाईच्या कमाईवर जगणे हे गुन्हे ठरवले. 1986 साली त्यात दुरुस्ती झाली. प्रत्यक्षात पकडली जायची ती बाईच. फेब्रुवारी 1996 मध्ये मुंबईत मोठे छापे पडले. चारशेहून अधिक बाया-मुली सुधारगृहात नेल्या. त्यांतल्या शंभरावर नेपाळी मुलींना मायदेशी परतायला कित्येक महिने लागले, कारण त्यांचे सरकार त्यांना घ्यायला तयार नव्हते. सुटका झाली, पण दार कुठे उघडे होते?

कोलकात्याच्या सोनागाछीत 1995 साली आणि सांगलीला 1996 साली या बायांनी स्वतःच्या संघटना बांधल्या. आम्हाला पोलिसांचा मार नको, दया नको, माणूस म्हणून हक्क द्या, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा धंद्याचा विचार आपल्याला पटो न पटो, त्यांचे ऐकून घ्यावे लागेल. 19 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले, की सज्ञान बाई स्वेच्छेने या व्यवसायात असेल तर पोलिसांनी तिला छळू नये, आणि आई या व्यवसायात आहे एवढ्याच कारणाने मूल तिच्यापासून तोडू नये. दलालाला आणि अल्पवयीन मुली विकणाऱ्याला यात कुठेही माफी नाही.

माझे मत स्पष्ट सांगतो. माणसाचा बाजार हा धम्माविरुद्ध आहे आणि तो मोडलाच पाहिजे. पण बाजार मोडणे म्हणजे बाईला मोडणे नव्हे. तिने हे निवडले का, हे विचारण्याआधी तिच्या बाकीच्या वाटा कोणी अडवल्या, हे विचारा. कधी देवाने, कधी कर्जाने, कधी भुकेने अडवल्या. आणि परतीची वाट बहुतेक वेळा आपल्यासारख्या शीलवान म्हणवणाऱ्यांनी अडवली आहे. तिच्या मुलाला शाळेत बापाचे नाव विचारणारे आपणच, आणि तिच्या मुलीचे स्थळ आले की तोंड फिरवणारेही आपणच.

म्हणून विहाराच्या कार्यकर्त्यांना आणि महिला मंडळाला माझी विनंती आहे. धम्मवर्गात आणि अभ्यासिकेत अशा आईचे मूल आले तर त्याची चौकशी करू नका, त्याला पाटी-पुस्तक द्या. एखादी बाई वंदनेला आली तर तिला मागे बसवू नका. अड्ढकासीसाठी तथागतांनी नियम बदलला. आपल्याला तर नियमही बदलायचा नाही, नुसते सरकून जागा करून द्यायची आहे.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!