आरक्षण आणि मराठी मुसलमान : १९०२ च्या हुकमापासून आजच्या जात पडताळणीपर्यंत

मुसलमानांना आरक्षण आहे की नाही? कान्हे, कामशेत, वडगाव, लोणावळा या पट्ट्यात दहावी-बारावीचे निकाल लागले की हा प्रश्न घरोघरी निघतो. कोणी म्हणतं, "आपल्याला काहीच नाही." कोणी म्हणतं, "ओबीसीत आहे की!" दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. धर्म म्हणून मुसलमानांना महाराष्ट्रात आज आरक्षण नाही. मात्र अनेक मुस्लिम बिरादऱ्या ओबीसी, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या यादीत आहेत. ज्या यादीत नाहीत त्यांच्यासाठी आर्थिक दुर्बल घटकांचा, म्हणजे ईडब्ल्यूएसचा रस्ता आहे. हे असं का झालं आणि आज आपल्या हातात काय आहे, त्याची ही माहिती.

सुरुवात महाराष्ट्रातूनच

आरक्षणाचा विचार दिल्लीहून आपल्याकडे आला, असा अनेकांचा समज आहे. खरं तर त्याची मुळं इथलीच. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यातून निवेदन दिलं. सरकारी शिक्षणाचा पैसा शेतकऱ्यांच्या घामातून येतो आणि फायदा मात्र वरच्या जातींना मिळतो, हा त्यांचा मुद्दा होता.

त्याला कायद्याचं रूप दिलं कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी. २६ जुलै १९०२ रोजी करवीर दरबारचा हुकूम निघाला. त्यापुढे रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांना द्यायच्या, असं त्यात ठरलं. मागास कोण, याची व्याख्या सरळ होती : ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. म्हणजे देशातल्या या पहिल्या मोठ्या आरक्षणात मुसलमान बाहेर नव्हते, आतच होते. पुढे १९०६ मध्ये कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंगही सुरू झालं. नोकरीचं दार उघडायचं तर आधी शाळेचं उघडलं पाहिजे, हे महाराजांना ठाऊक होतं.

राजकीय जागा आणि पुणे करार

याच काळात दुसरा एक प्रवाह सुरू झाला, तो निवडणुकीच्या जागांचा. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना विभक्त मतदारसंघ दिले. १९३२ मध्ये तशीच सोय अस्पृश्य समाजासाठी जाहीर झाली, तेव्हा गांधीजींनी येरवडा तुरुंगात उपोषण केलं. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. विभक्त मतदारसंघ गेले, त्याऐवजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या समाजाला राखीव जागा मिळाल्या. देशाच्या आरक्षणाचा हा मोठा टप्पा आपल्याच जिल्ह्यात घडला.

फाळणीनंतर हवा बदलली. संविधान सभेत धार्मिक अल्पसंख्याकांसाठीच्या राखीव राजकीय जागांचा विचार मागे पडला. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा राहिल्या. "सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग" हा शब्दप्रयोग मात्र कायद्यात आला आणि पुढे मुसलमानांसाठी हाच दरवाजा ठरला. कलम १६(४) नोकऱ्यांसाठी आहे, तर १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलेलं कलम १५(४) शिक्षणासाठी.

१९५० चा आदेश : एक बंद दार

१० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्यात धर्माची अट होती. १९५६ मध्ये शीख दलितांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. मुसलमान आणि ख्रिश्चन अजूनही बाहेर आहेत. पिढ्यान्‌पिढ्या सफाईची किंवा तशीच कामं करणाऱ्या मुस्लिम बिरादऱ्यांना त्यामुळे एससीचा लाभ मिळत नाही. धर्माची ही अट काढावी, अशी शिफारस न्या. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये केली होती. या प्रश्नासाठी २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.

मंडल आणि मुस्लिम ओबीसी चळवळ

मंडल आयोगाचा अहवाल १९८० मध्ये तयार झाला आणि दहा वर्षं पडून राहिला. ऑगस्ट १९९० मध्ये पंतप्रधान व्ही. पी. सिंग यांनी केंद्राच्या नोकऱ्यांत २७ टक्के ओबीसी आरक्षण जाहीर केलं. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंद्रा साहनी खटल्यात ते मान्य केलं. एकूण आरक्षण साधारणपणे ५० टक्क्यांच्या पुढे जाऊ नये आणि ओबीसींतल्या सधन थराला, म्हणजे क्रिमीलेअरला, वगळावं अशा दोन अटीही घातल्या. बिगरहिंदू समाजातले व्यावसायिक गटही मागास ठरू शकतात, हेही त्या निकालातून पक्कं झालं.

महाराष्ट्रात याचा फायदा मुसलमानांपर्यंत नेण्यासाठी जालन्याचे शब्बीर अहमद अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसी चळवळ उभी केली. अभिनेते दिलीपकुमार त्यांच्यासोबत गावोगावच्या सभांना गेले. समाजातूनच त्यांना प्रश्न यायचा : "इस्लाममध्ये जात नाही, मग जातीचा दाखला कशाला?" त्यांचं उत्तर साधं होतं. दीनमध्ये उच्च-नीच नाही हे खरंच, पण पिंजाऱ्याच्या आणि विणकराच्या घरातली गरिबीही तितकीच खरी आहे. दाखला ईमानाचा नसतो, धंद्यामुळे आलेल्या मागासलेपणाचा असतो. डिसेंबर १९९४ मध्ये, शरद पवार मुख्यमंत्री असताना, मुस्लिम ओबीसींना सवलती देण्याबाबत शासन निर्णय झाला.

आज तांबोळी, बागवान, मोमीन, पिंजारी-मन्सुरी, कुरेशी, मणियार अशा बिरादऱ्या ओबीसीत आहेत. छप्परबंद विमुक्त जातींत, तर मदारी-दरवेशी भटक्या जमातींत मोडतात. राज्यात ओबीसींना १९ टक्के, विमुक्त जातींना ३ टक्के आणि भटक्या जमाती (ब) गटाला २.५ टक्के आरक्षण आहे. केंद्राची यादी वेगळी असते, म्हणून केंद्राच्या परीक्षेचा फॉर्म भरण्याआधी तीही पाहायला हवी.

५ टक्क्यांचं काय झालं?

सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. राज्य सरकारने डॉ. महमूदुर रहमान समिती नेमली, तिने २०१३ मध्ये मुसलमानांना ८ टक्के आरक्षणाची शिफारस केली. जुलै २०१४ मध्ये पृथ्वीराज चव्हाण सरकारने अध्यादेश काढून मराठा समाजाला १६ आणि मुसलमानांतल्या मागास गटांना ५ टक्के आरक्षण दिलं. विधानसभा निवडणूक तेव्हा तोंडावर होती.

१४ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला आणि मुसलमानांच्या नोकरीतल्या आरक्षणाला स्थगिती दिली. सरकारी शिक्षणसंस्थांमधलं मुसलमानांचं ५ टक्के मात्र चालू ठेवलं. म्हणजे न्यायालयात आपली बाजू अर्धी तरी टिकली होती. तोवर सरकार बदललं होतं. नव्या सरकारने मराठा आरक्षणाचा कायदा केला, मुस्लिम आरक्षणाचा केला नाही. डिसेंबरमध्ये अध्यादेशाची मुदत संपली आणि तो आपोआप रद्द झाला. २०२० मध्ये महाविकास आघाडीचे मंत्री नवाब मलिक यांनी शिक्षणात ५ टक्के देण्याची घोषणा विधान परिषदेत केली, पण कायदा आला नाही.

यात सगळ्याच पक्षांचा हिशेब दिसतो. एकाने निवडणुकीआधी दिलं, दुसऱ्याने नंतर सोडून दिलं, तिसऱ्याने नुसतं जाहीर केलं. मराठा आरक्षणाचा प्रवासही सोपा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ते ५ मे २०२१ रोजी रद्द केलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या कायद्याने १० टक्के पुन्हा आलं. फरक एवढाच, की तिथे मागे हटायला कोणतंच सरकार तयार नव्हतं.

आंध्र प्रदेशाचा धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिथे सरसकट मुसलमानांना दिलेलं आरक्षण न्यायालयात टिकलं नाही. २००७ मध्ये ठरावीक मागास बिरादऱ्यांची नावं घेऊन ४ टक्के दिलं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने चालू राहिलं. धर्माचं नाव अडतं, मागासलेपणाचा पुरावा पुढे नेतो.

खरी अडचण कागदाची

यादीत नाव असूनही अनेक घरांना लाभ मिळत नाही, कारण जुने कागद. ओबीसीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा आणि विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा जातीचा किंवा वास्तव्याचा पुरावा बघितला जातो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात मास्तरांनी नुसतं "मुसलमान" लिहिलेलं असतं. बिरादरी कुठेच नाही, आणि तिथेच प्रकरण अडकतं.

अशा वेळी काय शोधावं?

- आजोबा, चुलत आजोबा, आत्या यांच्या शाळेतला जनरल रजिस्टरचा उतारा. वडिलांकडच्या कोणत्याही रक्ताच्या नातेवाइकाची नोंद उपयोगी पडते.
- गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर. त्यात धंदा किंवा बिरादरी लिहिलेली सापडू शकते. काही नोंदी मोडीत असतात, मोडी वाचणाऱ्याकडून त्या उतरवून घ्याव्यात.
- जुने फेरफार, सातबारा, खरेदीखतं.
- घरात कोणाची जात पडताळणी आधी झाली असेल तर ते वैधता प्रमाणपत्र. सगळ्यांत भक्कम पुरावा हाच.

मावळातल्या कुटुंबांना उत्पन्नाच्या दाखल्यासाठी वडगावचं तहसील कार्यालय आहे. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत, देतात. पडताळणी पुण्याच्या जिल्हा समितीकडे होते. बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा मूल अकरावीत गेलं की अर्ज करावा. ओबीसी राखीव जागेवरून ग्रामपंचायत लढवणाऱ्यांनाही ठरलेल्या मुदतीत वैधता प्रमाणपत्र द्यावं लागतं, नाहीतर निवडून आलेलं पद जातं.

ज्यांची बिरादरी कोणत्याच यादीत नाही, अशा बहुतेक शेख, सय्यद, पठाण घरांसाठी १० टक्के ईडब्ल्यूएस आहे. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने ते आलं आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. केंद्राच्या ईडब्ल्यूएससाठी ५ एकर किंवा जास्त शेती असेल तर लाभ नाही, हे मावळातल्या जमीनदार घरांनी लक्षात ठेवावं. यासाठी जात पडताळणी लागत नाही. मात्र आडनाव शेख असलं तरी बिरादरी तांबोळी किंवा पिंजारी असू शकते. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, मगच ईडब्ल्यूएसचा फॉर्म भरा.

५ टक्क्यांची मागणी रास्त आहे आणि ती चालू राहिली पाहिजे. पण ती पूर्ण होईपर्यंत कायद्याने जे आधीच दिलं आहे, ते कागदाअभावी सोडून देणं आपल्या मुलांना परवडणारं नाही. प्रत्येक मशिदीच्या जमातीत दोन-चार शिकलेल्या तरुणांनी दाखल्यांची जबाबदारी घेतली, तरी एका गावातल्या कितीतरी मुलांचं शिक्षण मार्गी लागेल.