बुरूडकाम : उपजीविका आणि छंद

पुणें शहरांतील आळ्यांचीं नांवें वाचीत गेलें, तर शहराच्या धंद्यांची वंशावळच हातीं लागते. तांबट आळी, भोई आळी, कुंभारवाडा, बुरूड आळी हीं नांवें कोणा राजपुरुषाच्या स्मरणार्थ ठेवलेलीं नाहींत; त्या त्या ठिकाणीं बसून ज्यांनीं शहराची गरज भागविली, त्यांच्या हातांनींच तीं पाडलीं. यांपैकीं बुरूड आळीच्या विद्येकडे अलीकडे एका निराळ्याच वर्गाचें लक्ष वेधलें आहे. शिक्षक, गृहिणी, संगणकावर काम करणारे तरुण असे सुशिक्षित स्त्रीपुरुष सुट्टीच्या दिवशीं एकत्र जमतात, बांबूच्या किंवा वेताच्या पट्ट्या भिजवितात, आणि एकमेकांच्या चुका सुधारीत टोपल्या विणावयास शिकतात. उपजीविका म्हणून जी विद्या मागें पडत चालली, ती छंद म्हणून पुढें येत आहे. हा योग शुभ कीं अशुभ, हें ठरविण्यापूर्वीं त्या विद्येचा इतिहास डोळ्यांखालून घालणें अवश्य आहे.

हा इतिहास पुष्कळ मागें जातो. वाजसनेयी संहितेच्या तिसाव्या अध्यायांत नाना व्यवसायांच्या माणसांची जी लांबलचक यादी आहे, तींत 'बिदलकारी' हें नांव येतें. बिदल म्हणजे चिरलेला वेळू. तेव्हां बिदलकारी म्हणजे वेळू चिरून त्याच्या वस्तू करणारी. हें पद स्त्रीलिंगी आहे, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. मनुस्मृतींत पात्रांच्या शुद्धीचा विचार करतांना 'वैदल' म्हणजे वेळूच्या वस्तूंचा स्वतंत्र निर्देश आहे. त्यावरून अशा वस्तू घरोघर वापरांत होत्या हें उघड होतें. अमरकोशांत वेळूला जीं नांवें दिलीं आहेत त्यांत 'त्वक्सार' हें एक आहे. ज्याचें सत्त्व त्याच्या सालींत आहे, तो त्वक्सार. हें नांव ज्यानें प्रथम योजिलें, त्यानें वेळू नुसता पाहिला नव्हता, तो चिरलाही असावा, असें आम्हांस वाटतें.

कारण या कलेचें सारें मर्म त्या एका शब्दांत आहे. इतर लांकडाची साल फेंकून गाभा घ्यावयाचा. वेळूचें उलट आहे. त्याचे बळकट तंतू बाहेरच्या अंगास दाट असतात आणि आंत जावें तसे विरळ होत जातात. म्हणून कोयत्यानें वेळू उभा चिरून कारागीर सालीकडचा भाग निराळा काढतो, आणि ज्या वस्तूला ताण सोसावयाचा ती त्याचीच करतो. आडवें घाव घालून भागत नाहीं. धारेनें तंतूंच्या कलानेंच जावें लागतें, आणि पेर आलें कीं हात सांवरावा लागतो. पट्टी सर्वत्र सारख्या जाडीची उतरणें ही या धंद्यांतील पहिली परीक्षा होय. दुसरी परीक्षा गणिताची आहे. गोल टोपलींत एकच पट्टी एका उभ्या काडीच्या पुढून व दुसरीच्या मागून अशी फिरवावयाची असेल, तर उभ्या काड्यांची संख्या विषम पाहिजे. ती सम ठेवली, तर दुसऱ्या फेऱ्यांतही पट्टी त्याच काडीच्या पुढें येते आणि विणच बसत नाहीं. हा नियम ज्यांनीं पिढ्यान्पिढ्या पाळला, त्यांना आपण दीर्घकाळ अशिक्षित म्हणत आलों.

बाराव्या शतकांत कल्याण येथें बसवेश्वरांच्या भोंवतीं जो शरणांचा मेळा जमला, त्यांत मेदार केतय्या हे बुरूडकाम करणारे सत्पुरुष होते. त्यांचीं वचनें कन्नड वाङ्मयांत जतन झालीं आहेत, आणि बुरूड समाजांत त्यांचें नांव आजही आदरानें घेतलें जातें. त्या शरणांनीं शरीरश्रमास 'कायक' म्हणून उपासनेची प्रतिष्ठा दिली. परंतु तत्त्व मान्य होणें आणि समाजाची रीत बदलणें यांत फार अंतर असतें. आमच्या घरांत जन्मापासून मरणापर्यंत बुरुडावांचून चालत नव्हतें. बाळाला सुपांत घालावयाचें, तांदूळ रोवळींत धुवावयाचे, धान्य कणगींत भरावयाचें, देवाचीं फुलें परडींत ठेवावयाचीं, लग्नांत ऐरणीदानाच्या वेळीं वेळूची झाल वरपक्षाच्या मस्तकावर ठेवावयाची, आणि शेवटीं तिरडीही वेळूचीच. ज्याच्या हातची वस्तू संस्कारांत चालते, त्याला मात्र पंगतींत स्थान नाहीं, असा हा व्यवहार होता. बारा बलुतेदारांच्या प्रचलित याद्यांतही बुरुडाचें नांव सहसा आढळत नाहीं.

टोपल्या विणणाऱ्या सर्वांची स्थिति एकसारखीही नव्हती. बुरूड वेळूचें काम करी आणि गांवांत किंवा पेठेंत घर करून राही. कैकाडी निरगुडीच्या फोकांच्या, तुरीच्या व कपाशीच्या काड्यांच्या टोपल्या व कणग्या विणी, आणि पुष्कळदां गांवोगांव फिरे. कैकाड्यांची बोली तमिळ भाषेच्या जवळची आहे. फिरस्ता माणूस सरकारच्या डोळ्यांत नेहमींच सलतो. १८७१ मध्यें हिंदुस्थानांत गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, पुढें त्याचा अंमल मुंबई इलाख्यांतही आला, आणि ज्या जमाती त्याखालीं नोंदल्या गेल्या त्यांत कैकाडीही होते. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द झाला. ज्या हातांनीं शेतकऱ्याची कणगी विणली त्यांचीच जन्मतः चोर म्हणून हजेरी घेतली जावी, ही गोष्ट टोपली हातीं घेतांना विसरूं नये.

आतां पुण्याकडे वळूं. १८८६ मध्यें येथें रे मार्केटची, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईची, इमारत उभी राहिली. १८९० मध्यें याच शहरीं औद्योगिक परिषद भरली, आणि न्यायमूर्ति रानड्यांनीं देशाच्या उद्योगवृद्धीची मीमांसा केली. त्या काळच्या विचारवंतांची दृष्टि गिरण्या, भांडवल व यंत्रें यांकडे होती, आणि देशाची स्थिति पाहतां तें योग्यही होतें. परंतु मंडईंतील भाजी ज्या हाऱ्यांतून व पाट्यांतून येत होती, त्या विणणाऱ्यांकडे सुशिक्षितांचें लक्ष त्या मानानें फार उशीरा गेलें. डिसेंबर १९३४ मध्यें गांधीजींच्या प्रेरणेनें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि १९३७ च्या वर्धा परिषदेनें हस्तोद्योगास प्राथमिक शिक्षणाच्या केंद्रस्थानीं बसविलें. हाताचें काम हा बुद्धीचा अपव्यय नव्हे, हा विचार तेव्हां कोठें मध्यम वर्गाच्या घरांत शिरूं लागला.

छंद म्हणून विणकाम करण्याची कल्पना मात्र आमच्याकडे मुख्यतः पश्चिमेकडून आली. जर्मनींत फ्रोबेलनें १८३७ मध्यें ब्लांकेनबुर्ग येथें बालशिक्षणाचा प्रयोग आरंभिला. त्याच्या बालोद्यानांतील हस्तव्यवसायांत पट्ट्यांचें विणकाम होतें. पहिल्या महायुद्धानंतर युरोप व अमेरिकेंतील रुग्णालयांत जखमी सैनिकांना टोपल्या विणावयास देत. त्यायोगें बोटांना चलन मिळे आणि मनाला विसांवा. म्हणजे पलीकडच्या आळींत जें काम शेंकडों वर्षें चालू होतें, त्याची गोडी आम्हांस सातासमुद्रांपलीकडून वळसा घालून लागली! यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु घराचा पत्ता एकदां कळल्यावर तरी दार ठोठावावयास हवें.

कारण त्या घरची अवस्था बरी नाहीं. प्लॅस्टिकच्या टोपलीनें व पत्र्याच्या सुपानें बुरुडाचें पुष्कळ गिऱ्हाईक नेलें, हें सर्वांस ठाऊक आहे. कायद्यानें घातलेला अडथळा तितका ठाऊक नाहीं. १९२७ च्या वन कायद्यानें 'वृक्ष' या शब्दाच्या व्याख्येंत वेळूचाही समावेश केला. वनस्पतिशास्त्राप्रमाणें वेळू हें गवत. कायद्यानें तें झाड ठरलें, आणि त्याच्या तोडीवर व वाहतुकीवर परवान्यांचीं बंधनें आलीं. २००६ च्या वनहक्क कायद्यानें वेळूला गौण वनोपज मानून वनवासी ग्रामसभांचा त्यावरील हक्क मान्य केला. त्या हक्कानें वेळू विकण्याचा वाहतूक परवाना गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा गांवाच्या हातीं एप्रिल २०११ मध्यें पडला. पुढें २०१७ मध्यें जुन्या कायद्याच्या व्याख्येंतूनच वेळू वगळण्यांत आला, आणि वनाबाहेर वाढलेल्या वेळूची वाट मोकळी झाली. नव्वद वर्षांनीं गवत पुन्हां गवत झालें. मधल्या काळांत ज्या घरांनीं कोयता खालीं ठेवला, तीं सर्व परत तो उचलतील असें नाहीं.

अशा वेळीं हौशी मंडळींचें काय काम? कित्येक म्हणतात, ही सुखवस्तूंची करमणूक आहे. चार टोपल्या वेड्यावांकड्या विणून कला जगत नाहीं. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. हौशी माणूस बुरुडाची जागा घेऊं शकत नाहीं, आणि त्यानें ती घेऊंही नये. परंतु ज्यानें स्वतः एक दुरडी विणून पाहिली, बोटाला कूस लागून घेतली, तळ जमला पण कांठ वळेना म्हणून सबंध दुपार घालविली, तो पुन्हां सुपाच्या किमतींत घासाघीस करण्यापूर्वीं क्षणभर थांबेल. वस्तूचें मोल हातांना कळलें म्हणजे जिभेला आळा बसतो. छंदाचा हा लाभ आम्ही लहान मानीत नाहीं.

दुसरा लाभ ज्ञानाच्या देवघेवीचा आहे. जुन्या व्यवस्थेंत विद्या जातीच्या कुंपणांत राहिली. बाहेरच्यानें शिकावयाची नाहीं आणि आंतल्यानें सोडावयाची नाहीं. हौशी मंडळांत शिकलेला माणूस शेजाऱ्यास शिकवितो. कुंपण मोडलें हें उत्तमच झालें. मात्र मोडतांना आंतल्या माणसाच्या अंगावरून जाऊं नये. म्हणून आमची सूचना अशी कीं, अशा मंडळांनीं प्रथम बुरूड आळींत शिष्य म्हणून जावें. तेथील कारागिरांस, आणि विशेषतः स्त्रियांस, शिक्षक म्हणून बोलवावें व इतर कोणत्याही शिक्षकाप्रमाणें त्यांस मानधन द्यावें. विणीचे प्रकार, हत्यारें, वेळूच्या जाती यांचे त्यांच्या तोंडचे शब्द लिहून ठेवावे, आणि ते कोणाकडून मिळाले हेंही लिहावें. स्वतःच्या टोपल्या स्नेह्यांस भेट द्याव्या; बाजारांत मात्र कारागिराचीच टोपली पुढें करावी.

संहितेच्या यादींत बिदलकारीचें नांव आलें, पण तिला कोणी गुरु म्हटल्याचें त्या यादींत नाहीं. तिच्या वारसदारांपुढें सुशिक्षित समाज आज प्रथमच विद्यार्थी म्हणून बसूं पाहत आहे. त्यानें ती बैठक नीट पार पाडली, तर टोपलीबरोबर आणखीही कांहीं विणलें जाईल. नाहीं तर एक छंद आला आणि गेला, एवढेंच काय तें पुण्याच्या इतिहासांत नमूद होईल.