अपुऱ्या मोजमापांतून आकाश

जुन्नर तालुक्यातल्या खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिची कहाणी सांगताना पोलादी तारांची जाळी आणि दोरखंडांवर तोललेल्या हलक्या, स्वस्त रचनेचं कौतुक होतं, ते रास्तच आहे. पण या दुर्बिणीमागच्या परंपरेचा मुख्य धागा गणिताचा आहे असं मला वाटतं. दुर्बिणीचे जनक गोविंद स्वरूप १९५०च्या दशकात ऑस्ट्रेलियात गेले, तेव्हा सिडनीच्या पॉट्स हिलला ख्रिश्चनसेन आणि वॉरबर्टन सूर्याचं चित्र पट्ट्यापट्ट्यांनी जमवत होते. एका रांगेतल्या अँटेना एकाच दिशेतली तेजस्वितेची बेरीज देत. पृथ्वी फिरली की दिशा बदले. अशा बेरजांवर हातानं आकडेमोड करून द्विमितीय चित्र उभं राहिलं. त्या ३२ छोट्या अँटेना पुढे भारताला भेट मिळाल्या आणि १९६५ मध्ये कल्याणला उभ्या राहिल्या. स्टॅनफर्डमधले स्वरूप यांचे मार्गदर्शक ब्रेसवेल यांनी याच बेरजांचं गणित मांडलं. सीटी स्कॅनलाही तेच लागतं.

खोडदला अँटेनांची प्रत्येक जोडी आकाशाच्या चित्राचा एकेक घटक मोजते. ३० अँटेनांच्या जोड्या होतात ४३५. पृथ्वीच्या फिरण्यानं मोजमापं वाढतात, तरी मधली भोकं उरतातच, आणि त्याच मोजमापांत बसणारी चित्रं अगणित निघतात. म्हणून अटी घालाव्या लागतात: तेजस्विता ऋण नसावी, आकाशाचा बहुतेक भाग रिकामा असावा. होगबॉम यांची १९७४ची ‘क्लीन’ पद्धत दुसऱ्या अटीवर उभी आहे. शिवाय आयनांबर लहरींची कला, म्हणजे फेज, बिघडवतं. पण ढोबळमानानं बिघाड अँटेनागणिक एक, म्हणजे ३०, आणि मोजमापं ४३५. त्यामुळे आधी चित्र धरून बिघाड काढायचा, मग बिघाड धरून चित्र सुधारायचं, अशी आवर्तनं चालतात. आळीपाळीनं एकेका अटीकडे सरकण्याची ही युक्ती जुनी आहे. पोलंडचे काचमार्झ यांनी १९३७ मध्ये समीकरणं अशीच सोडवली होती.

मग आपण गृहीत धरलेलंच आपल्याला दिसतं, असा आक्षेप येतो. तो अर्धा खरा आहे. ‘क्लीन’ आकाश बिंदूंचं मानते, त्यामुळे पसरट वायूत कधी खोट्या पट्ट्या उमटतात. पण चित्रातून मोजमापं पुन्हा काढून मूळ आकड्यांशी ताडता येतात. वजाबाकीत गोंगाटाखेरीज काही उरलं, तर अट किंवा दुरुस्ती कुठेतरी चुकली. अटी बदलूनही टिकणारा तपशीलच मी खरा धरीन. अद्ययावत जीएमआरटीत एकावेळचा वारंवारितेचा पट्टा ३२ वरून ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंत गेला, आणि वेगळ्या वारंवारितेला तीच जोडी वेगळा घटक मोजते. भोकं बरीच बुजली. मात्र ती तशी बुजवायची, तर स्रोताची तेजस्विता वारंवारितेप्रमाणे कशी बदलते, ही नवी अट घालावी लागते.