फळीखालचा आधार

दुकानातल्या फळीला आधार देण्याच्या जुन्या रीती तीन. फळीची टोके भिंतीत रोवायची, तिच्याखाली आडवी पट्टी ठोकायची, नाहीतर भिंतीतून पुढे काढलेल्या ब्रॅकेटवर ती ठेवायची. तिन्हींत फळी एकदा बसली की बसली. उंची बदलायची म्हणजे सगळा माल खाली उतरवा, सुताराला बोलवा आणि जुन्या खिळ्यांची भोके बुजवा. आज दुकानातला कोणीही कामगार हातोडी-पक्कड न घेता दोन मिनिटांत तीच फळी वर-खाली करतो. फळी हलवण्याचे काम सुताराच्या हातून दुकानदाराच्या हाती आले ते गेल्या पावणेदोनशे वर्षांत, आणि त्याची पहिली ठळक खूण दुकानात नव्हे, ग्रंथालयात सापडते.

दुकानांना त्या काळी हलत्या फळीची गरजच नव्हती. एकोणिसाव्या शतकात लंडनचे किराणा दुकान असो की पुण्याच्या पेठेतले वाण्याचे, माल दुकानदाराच्या पाठीशी असे आणि गिऱ्हाईक समोर उभे राहून मागे. धान्य, साखर, चहा पोत्यांतून आणि पेट्यांतून येई. दुकानदार ते मोजून, पुडी बांधून देई. पोत्याचा, डब्याचा, बरणीचा आकार पिढ्यानुपिढ्या तोच राहिल्यामुळे फडताळही तेच चाले. कापडाच्या दुकानात तर गिऱ्हाईक गादीवर बसे आणि फळीवरचे ठाण त्याच्यापुढे उलगडले जाई. मालाची ओळख करून द्यायला माणूस होता. फळीने फक्त माल सांभाळायचा होता.

पुस्तकांचे तसे नव्हते. दर वर्षी वेगवेगळ्या उंचीची हजारो पुस्तके येत आणि ठरावीक उंचीच्या फळ्यांवर जागा वाया जाई. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचे गोल वाचनालय १८५७ मध्ये उघडले. त्याची कल्पना ग्रंथपाल अँतोनियो पानित्झी यांची आणि वास्तुरचना सिडनी स्मर्क यांची. वाचनालयाभोवतीच्या लोखंडी ग्रंथालयात फळ्या पितळी पिनांवर टेकवल्या होत्या. पिनांसाठीची भोके एकमेकांपासून पाऊण इंचावर होती, पण पिनेचा दांडा मुद्दाम वाकडा घडवलेला असे. पीन उलटी फिरवली की फळी अर्ध्याच अंतराने, म्हणजे तीन अष्टमांश इंचाने, वर किंवा खाली जाई. भोके दुप्पट न पाडता जागांची संख्या दुप्पट करणारी ही युक्ती आजही शिकण्यासारखी आहे. भोके जवळजवळ पाडली की निवड वाढते पण खांब कमजोर होतो, ही अडचण त्या कारागिरांनी नेमकी ओळखली होती. पुढे १८९७ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची इमारत उभी राहिली. तिथे बर्नार्ड ग्रीन या अभियंत्याने पूर्ण धातूची, फळ्या सहज हलवता येणारी मांडणी केली. हवा खेळती राहावी म्हणून फळ्यासुद्धा सलग पत्र्याच्या नव्हत्या, पट्ट्यांच्या होत्या.

दुकानांत हलता आधार आला तो साठवणीसाठी नव्हे, दिखाव्यासाठी. पॅरिसच्या बॉन मार्शे या दुकानाची सूत्रे १८५२ पासून आरिस्तीद बुसिको यांच्याकडे आली आणि ठरलेल्या किमतीचे, आत येऊन नुसते पाहायला मुभा देणारे मोठे दुकान ही कल्पना तिथून फोफावली. मोठ्या काचा स्वस्त झाल्या, रस्त्याकडची खिडकी ही दुकानाची जाहिरात बनली आणि ती आठवड्या-पंधरवड्याला बदलावी लागू लागली. एल. फ्रँक बॉम हे नाव मुलांच्या ‘ओझ’च्या गोष्टींमुळे माहीत असते, पण त्यांनी १८९७ मध्ये शिकागोत ‘द शो विंडो’ हे खिडकी सजवणाऱ्यांसाठीचे मासिक सुरू केले आणि १९०० मध्ये याच विषयावर पुस्तकही काढले. अमेरिकेतल्या खिडकी सजावटीला व्यवसायाचे रूप आले ते याच काळात. नळीत सरकणारा दांडा, तो हव्या उंचीवर आवळणारा स्क्रू, वर निकेलचा मुलामा आणि त्यावर काचेची फळी, असे स्टँड या सजावटकारांच्या हाती आले. त्यांवर फार तर टोप्या, हातमोजे, अत्तराच्या बाटल्या ठेवाव्यात. साबणाच्या पेट्या त्यांना पेलल्या नसत्या. सुंदर आधार हलता होता पण दुबळा, आणि दुकानाच्या आतला दणकट आधार अजूनही जागचा हलत नव्हता.

ही फारकत मोडली ती स्वयंसेवेने. क्लॅरेन्स साँडर्स यांनी सप्टेंबर १९१६ मध्ये टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात ‘पिगली विगली’ हे दुकान उघडले. गिऱ्हाईक फिरत्या दांड्याच्या फाटकातून आत येई, फळ्यांच्या रांगांमधून आखलेल्या एकाच वाटेने फिरे, हवे ते स्वतः उचले आणि शेवटी पैसे देऊन बाहेर पडे. या रचनेचे पेटंट त्यांना १९१७ मध्ये मिळाले. पेटंट वाटेचे आणि एकूण मांडणीचे होते. फळ्या मात्र साध्या लाकडीच होत्या. तरी मोठा बदल तिथेच झाला: विकणारा माणूस बाजूला झाला आणि मालाने फळीवरून स्वतःच बोलायचे ठरले. मग डोळ्यांच्या उंचीवर काय ठेवायचे, खाली काय, दोन फळ्यांमध्ये हात किती सहज जातो, या प्रश्नांवर दुकानाची विक्री अवलंबून राहू लागली. पाठोपाठ पाकिटबंद मालाचा पूर आला. मायकेल कलन यांनी १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात ‘किंग कलन’ हे अवाढव्य दुकान काढले. अशा सुपरमार्केटमध्ये मालाचे प्रकार सतत वाढत गेले आणि कंपन्या डब्या-बाटल्यांचे आकार बदलत राहिल्या. फळीची उंची वर्षात अनेकदा बदलणे भाग पडू लागले. एवढ्यासाठी सुतार परवडणारा नव्हता.

उत्तर मिळाले पत्र्यात. पोलादी पत्रा वाकवून पोकळ खांब करायचा, त्याच्या दर्शनी बाजूवर वरपासून खालपर्यंत सारख्या अंतराने उभ्या खाचा पाडायच्या आणि ब्रॅकेटच्या मागच्या कडेला या खाचांत शिरणारे आकडे ठेवायचे. ब्रॅकेट किंचित वर उचलून आकडे आत घालतात आणि खाली दाबतात. पुढचे काम फळीवरचे वजनच करते. भार जितका वाढेल तितके आकडे खाचेत घट्ट बसतात. काढायची वेळ आली की ब्रॅकेटचे पुढचे टोक आधी वर उचलावे लागते, त्यामुळे भरलेली फळी धक्क्याने सहसा निसटत नाही.

या आकड्यांवर पडणारा ताण मात्र पाहणाऱ्याला वाटतो त्याहून कितीतरी मोठा असतो. समजा, फळी ४० सेंटिमीटर खोल आहे आणि एका ब्रॅकेटच्या वाट्याला ६० किलो वजन आले आहे. माल सारखा पसरला तर भाराचा मध्य खांबापासून २० सेंटिमीटरवर येतो. वरच्या आणि खालच्या आकड्यात ५ सेंटिमीटर अंतर असेल, तर वरचा आकडा खांबातून सुमारे २४० किलोच्या जोराने बाहेर ओढला जातो आणि खालची कड तेवढ्याच जोराने खांबात रुतते. हेच अंतर १० सेंटिमीटर केले की ओढ निम्मी, १२० किलोवर येते. ब्रॅकेट मागे उंच आणि पुढे निमुळते होत जाते त्याचे कारण हे आहे. ते रूप डोळ्यांना डौलदार वाटते, पण ठरवले आहे भाराने. चांगले बनवणारे ब्रॅकेटला वरच्या बाजूला किंचितसा कलही देतात, म्हणजे माल भरल्यावर फळी लवून बरोबर सपाट दिसते.

खाचांमधले अंतर हा दुसरा तिढा. अमेरिकेत एक इंच आणि युरोपातल्या सुपरमार्केटच्या मांडणीत ५० मिलिमीटर हे माप रूढ झाले. अंतर कमी ठेवले तर फळी हव्या उंचीवर बसते, पण दोन खाचांमधला पत्रा अरुंद होऊन खांब दुबळा होतो. शिवाय डावीकडे एक खाच वर आणि उजवीकडे एक खाच खाली अशी चूक घाईत सहज होते आणि फळी तिरकी लागते. ५० मिलिमीटरचे अंतर थोडे ढोबळ असले तरी तिरकेपणा लगेच नजरेत भरतो. रात्रपाळीत भरभर माल लावणाऱ्या कामगारांच्या दृष्टीने हा गुण मोठाच आहे.

अशा खांबांच्या दोन्ही बाजूंना फळ्या लावून दुकानाच्या मधोमध उभी केलेली रांग म्हणजे गोंडोला. तिला भिंतीचा आधार नसतो. जमिनीवर दोन्हीकडे पसरलेले पाय तिला उभे ठेवतात. सगळ्यात खालची फळी या पायांवर बसते म्हणून ती सर्वांत खोल असते, आणि जड मालही तिथेच ठेवतात. एका बाजूचा माल संपून दुसरी बाजू भरलेली राहिली तरी रांग कलू नये, हा हिशेब या पायांच्या लांबीत धरलेला असतो.

त्याच काळात दुसरी एक वाट गोदामांकडे गेली. ऑस्ट्रेलियात जन्मलेले ग्रीक वंशाचे अभियंते डिमिट्रियस कोमिनो लंडनमध्ये छापखाना चालवत. कामाची गरज बदलली की तिथले लाकडी रॅक मोडून नवे करावे लागत, आणि ही नासाडी त्यांना खटकली. विशिष्ट नक्षीत खाचा पाडलेला काटकोनी लोखंडी अँगल त्यांनी १९४७ मध्ये ‘डेक्सियन’ या नावाने बाजारात आणला. तो करवतीने किंवा कातरीने हव्या लांबीचा कापायचा आणि नट-बोल्टने जोडायचा. त्यातून रॅक, टेबल, शिडी, काहीही उभे राहते. पण दर बदलाला पाना लागतो, आणि खाचांनी भरलेले लोखंड दुकानाच्या दर्शनी भागात उघडे-बोडके दिसते. गोदामाला तो अगदी योग्य ठरला. दुकानात त्याची जागा मागच्या खोलीत राहिली.

हलक्या मालासाठी भोकांचा हार्डबोर्ड आला. लाकडाच्या चुऱ्यापासून दाबून केलेला हा बोर्ड विल्यम मेसन यांनी १९२०च्या दशकात मिसिसिपी राज्यातल्या लॉरेल गावी तयार केला. त्याला सारखी भोके पाडून तारेचे हूक अडकवण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर अवजारांच्या दुकानांत सर्रास दिसू लागली. इथे फळीच नाहीशी झाली आणि आधारच मांडणी बनला.

आधार लपवायचा की मिरवायचा, यावर सर्वांत कसून विचार केला तो युरोपातल्या रचनाकारांनी, आणि तोही बहुतेक घरांसाठी. डेन्मार्कच्या पॉल कॅडोव्हियस यांनी १९४८ मध्ये भिंतीवरच्या लाकडी पट्ट्यांना फळ्या टांगण्याची पद्धत आणली. स्वीडनचे निसे स्ट्रिनिंग यांनी १९४९ मध्ये बॉनियर या प्रकाशनसंस्थेची स्पर्धा जिंकली ती तारेच्या शिडीसारख्या बाजूंच्या ‘स्ट्रिंग’ या मांडणीने. सुटे भाग सपाट बांधून पाठवता येत. जर्मनीचे डिटर राम्स यांनी १९६०च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या पट्टीत पिनांवर टेकणारी ‘६०६’ ही रचना केली. ब्रिटिश म्युझियमच्या पितळी पिनेचीच ही जातकुळी, फक्त पट्टी इतकी बारीक की ती भिंतीवरच्या रेषेइतकीच जाणवते. कपडे, पुस्तके आणि सौंदर्यप्रसाधने यांच्या दुकानांनी असा सडपातळ आधार उचलला. किराणा दुकानांनी मजबुतीला पहिला मान दिला.

किराण्यात पुढचा बदल फळीच्या कडेला झाला. ओहायोतल्या ट्रॉय गावी मार्श सुपरमार्केटमध्ये २६ जून १९७४ रोजी बारकोड वाचून पहिली विक्री झाली. हळूहळू प्रत्येक वस्तूवर किंमत चिकटवणे दुकानांनी सोडले आणि किमतीची चिठ्ठी फळीच्या दर्शनी कडेवर गेली. तेव्हापासून त्या कडेला चिठ्ठी सरकवण्याची पट्टी जोडलेली असते, आणि खालच्या फळ्यांवर ती वर पाहणारी, तिरकी ठेवतात.

भारतात ही साखळी तुटक पोहोचली. मुंबईच्या नायगावात गिरणी कामगारांनी १९४८ मध्ये सुरू केलेला अपना बाजार आणि दिल्लीत १९६६ मध्ये निघालेला सुपर बझार यांनी मोठ्या दुकानाची सवय लावली. पण गल्लीतल्या किराणा दुकानात काउंटर टिकला आणि मागे कडप्प्याची मांडणी टिकली. भिंतीत रोवलेला कडप्पा तेलाचे डबे वर्षानुवर्षे पेलतो, वाळवीला दाद देत नाही, पुसला की स्वच्छ होतो. उंची बदलता येत नाही एवढाच त्याचा दोष, आणि सुटा माल विकणाऱ्याला तो दोष वाटलाही नाही. खाचांचे खांब इथे सर्रास दिसू लागले ते २००० नंतर, पवईत २००२ साली सुरू झालेल्या डी-मार्टसारख्या दुकानांमुळे आणि पाठोपाठ स्वतःचे दुकान उघडे करून स्वयंसेवा आणणाऱ्या किराणा व्यापाऱ्यांमुळे. या व्यापाऱ्यांपुढचा प्रश्न खास इथला आहे. जुन्या इमारतींतल्या गाळ्यांच्या मधल्या भिंती पुष्कळदा साडेचार इंची विटांच्या असतात आणि त्यावरचा गिलावा भुसभुशीत असतो. नुसत्या स्क्रूने भिंतीला टांगलेली पट्टी डाळींच्या पाकिटांच्या वजनाने उखडून येते. म्हणून खांब जमिनीवर टेकवतात आणि वरच्या टोकाला तेवढे भिंतीशी जखडतात. सगळा भार जमिनीवर जातो आणि रांग पुढे कलू न देणे एवढेच काम भिंतीकडे राहते.