नेमाआधीची पारख

गणपती उठले की पितृपक्ष, मग नवरात्र आणि खंडेनवमीचे शस्त्रपूजन. ग्वाल्हेरच्या आम्हा मराठी घरांत तलवारी-कट्यारींशेजारी क्वचित एखादी जुनी बंदूकही पाटावर येते. पावसाळ्यानंतर शस्त्र पुसणे, तेल देणे, पारखून घेणे हा या पूजेमागचा व्यवहार. शिकारीच्या काळात त्या पारखीवर माणसांचे प्राण अवलंबून असत.

माधवराव महाराज शिंदे (१८७६–१९२५) यांच्या कारकिर्दीत शिवपुरी ही संस्थानाची उन्हाळी राजधानी होती. वाघाच्या शिकारीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९२० मध्ये निघाले. त्या काळी मोठ्या जनावरासाठी मानाची रायफल म्हणजे विलायती दुनळी. दाट रानात अंतर थोडे, त्यामुळे दुर्बिणीऐवजी नळीवरच्या साध्या माशीवरच नेम धरला जाई.

या दुनळीची खरी करामत जुळणीत होती. उजवी नळी उडाली की धक्क्याने बंदूक उजवीकडे वळते, डावी उडाली की डावीकडे. म्हणून कारागीर नळ्यांची तोंडे किंचित आत वळवी. गोळ्या झाडून पाहायच्या, झाळ सोडवून पाचर सरकवायची, पुन्हा झाडायच्या. दोन्ही गोळ्या ठरलेल्या अंतरावर जवळजवळ पडेपर्यंत हेच चाले. पण ही जुळणी ठरावीक काडतुसापुरतीच खरी.

१८८९ मध्ये आलेली कॉर्डाइट दारू उष्णतेत अधिक जोर धरी. विलायतेच्या गारव्यात जुळवलेल्या रायफलीत आपल्याकडच्या उन्हात तापलेले काडतूस घातले, की नळी पुरती वळण्याआधीच गोळी सुटे. मग उजवीची गोळी डावीकडे आणि डावीची उजवीकडे जाई. पाणवठे आटल्यावर वाघ गाठणे सोपे, म्हणून शिकार ऐन उन्हाळ्यातही होई. यासाठी कंपन्या उष्ण मुलुखाकरिता कमी दारूची ‘ट्रॉपिकल’ काडतुसे काढीत. जाणता शिकारी निघण्यापूर्वी न्यायची तीच काडतुसे घेऊन, रायफल थेट पोत्यावर न टेकवता हातात धरून, दोन्ही नळ्या कागदी निशाणावर तपासून घेई.

न पारखलेले हत्यार काय करते, ते १९०७ मध्ये कुमाऊंतल्या चंपावतला दिसले. नरभक्षक वाघिणीमागे गेलेल्या जिम कॉर्बेटकडे तीनच काडतुसे होती. ती संपल्यावर त्याने तहसीलदाराची बंदूक मागून घेतली. ऐन वेळी दिसले, की नळ्या आणि मागचा भाग यांत फट आहे. सुमारे वीस फुटांवरून वाघिणीच्या उघड्या तोंडावर धरलेली गोळी पंजाला लागली. आधीच्या जखमांनी वाघीण पडली, म्हणून निभावले.

चुकलेल्या नेमाची किंमत बहुधा मचाणावरचा पाहुणा देत नसे. जखमी वाघ झाडीत शिरला, की धोका खाली पायी चालणाऱ्या हाकाऱ्यांना. रायफल पारखणे ही म्हणूनच हौस नव्हे, त्यांच्याविषयीची जबाबदारी होती.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे पर्व मिटले. शिवपुरीतून नाहीसे झालेले वाघ २०२३ मध्ये माधव राष्ट्रीय उद्यानात पुन्हा आणून सोडावे लागले. नेम अचूक असला तरी हिशेब चुकला होता, हेही आपण मान्य करायला हवे.

काही घरांत शिकारीचे जुने फोटो आहेत. त्यांत बंदूकवाल्यांची नावे असतात, मागे उभ्या हाकाऱ्यांची नसतात. वडीलधाऱ्यांना आठवत असतील, तर यंदाच्या खंडेनवमीआधी ती विचारून फोटोंच्या पाठीवर लिहून ठेवू या.