उडालेल्या फाइलचा माग

शीव स्टेशनबाहेरच्या एखाद्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे जा आणि सांगा, "फाइल उडाली." माणूस जाणता असेल तर फाइल कसली होती हे नंतर. आधी तो विचारेल, "त्यानंतर मशीनवर काय काय केलंत?" या एका प्रश्नामागे पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

फाइल पुसण्याचं काम कॉम्प्युटरने पहिल्यापासून अर्धवटच केलं आहे. १९७४च्या सुमारास गॅरी किल्डॉल यांनी सीपी/एम ही प्रणाली लिहिली, तेव्हा डिस्क महाग आणि कमालीच्या संथ होत्या. अख्खी फाइल खोडत बसायला वेळ कुणाला? त्यांनी फक्त यादीतल्या नोंदीच्या पहिल्या घरात एक खूण टाकली: ई५, म्हणजे आपल्या नेहमीच्या मोजणीत २२९. कोऱ्या फ्लॉप्या कारखान्यातूनच ई५ने भरून येत, त्यामुळे रिकामी नोंद आणि पुसलेली नोंद यंत्राला सारखीच. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात कार्डांच्या खणातून एक कार्ड काढून घ्यावं, तसं हे झालं. पुस्तक कपाटात जागच्या जागी असतं, फक्त ती जागा दुसऱ्या पुस्तकाला द्यायला मोकळी झाली, असं कर्मचारी समजतात.

१९७७मध्ये मायक्रोसॉफ्टसाठी मार्क मॅकडॉनल्ड यांनी डिस्कवरच्या फाइलींचा हिशेब ठेवणारी फॅट ही मांडणी रचली, आणि १९८१च्या डॉसमध्ये तीच ई५ची खूण घेऊन ती घरोघरी पोचली. फॅटमध्ये पुसलेल्या फाइलचं पहिलं अक्षर जाई. बाकीचं नाव, तारीख, आकार, सुरुवातीचा पत्ता सगळं राही. पुढच्या तुकड्यांची साखळी मात्र शून्य होई. म्हणून सलग लिहिलेली फाइल अख्खी परत मिळे आणि विखुरलेली असली की अंदाजपंचे. (जपानी लिपीच्या संकेतात ई५ने सुरू होणारी खरीखुरी अक्षरं निघाली. तशा नावांसाठी वेगळी पळवाट काढावी लागली. खुणेचा आकडा निवडताना जपानचा विचार कोण करतो!)

१९८२मध्ये पीटर नॉर्टन यांनी हीच उणीव ओळखून 'अनइरेज' विकायला काढलं. १९९१च्या डॉस ५मध्ये 'अनडिलीट' ही आज्ञाच आली, तीही सेंट्रल पॉइंट या कंपनीकडून घेतलेली. पडद्यावर नावाआधी प्रश्नचिन्ह, पुढची अक्षरं शाबूत, आणि यंत्र तुम्हालाच विचारणार: पहिलं अक्षर कोणतं होतं? उत्तर चुकलं तरी फाइल येई, फक्त बारसं नव्याने होई.

पुसलेली फाइल आधी जिच्यात जाऊन पडते ती कचऱ्याची टोपली १९८३च्या ॲपल लिसा या कॉम्प्युटरमध्येच होती. आपल्याकडच्या बहुतेकांना ती भेटली विंडोज ९५च्या रीसायकल बिनमधून. टोपली चांगलीच, पण तिने लोकांना निष्काळजी केलं, असं माझं मत आहे. शिफ्ट दाबून डिलीट केलेलं तिच्यात जात नाही. पेन ड्राइव्हवरचंही सहसा जात नाही.

खरी कसोटी यादीच नष्ट झाली की लागते. क्विक फॉरमॅट मारला, तर नाव, तारीख, पत्ता सगळंच गेलं. मग डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत जायचं आणि फाइलच्या स्वभावावरून ती ओळखायची. जेपीईजी फोटो नेहमी त्याच ठरावीक बाइट्सनी सुरू होतो. फ्रान्सचे क्रिस्तोफ ग्रनिए यांचं 'फोटोरेक' हे फुकट सॉफ्टवेअर २००२पासून हेच करतं. फोटो मिळतात, पण नावांऐवजी नुसते नंबर.

गिरगाव-दादरच्या डीटीपीवाल्यांची अडचण त्याहून निराळी. श्रीलिपी, आकृती अशा जुन्या फॉन्टांतला मराठी मजकूर डिस्कवर मराठी म्हणून नसतोच. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या घरांत बसवलेला असतो. दिवाळी अंकाची उडालेली फाइल 'संपादकीय' हा शब्द टाकून शोधली तर हाती काही लागत नाही. तो शब्द त्याच फॉन्टमध्ये टाइप करायचा आणि त्यातून निघणारी निरर्थक अक्षरं शोधायची. युनिकोड आल्यावर हा त्रास सरला, जुन्या डिस्कांचा मात्र तसाच राहिला.

फाइल पुसल्यानेच जाते असं नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि शीव-कुर्ल्याच्या तळमजल्यांवरचे कॉम्प्युटर पाण्यात गेले. भिजलेली हार्ड डिस्क लोक उन्हात वाळवतात. तिथेच घात होतो, कारण गाळ वाळून तबकड्यांना चिकटतो. डिस्क ओली असतानाच पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीच्या लॅबला द्यायची असते.

पुसलेलं उरतं याची दुसरी बाजू भंगारात दिसते. २००३मध्ये सिमसन गारफिंकल आणि अभी शेलट या संशोधकांनी अमेरिकेत विकत घेतलेल्या १५८ जुन्या डिस्क तपासल्याचा अहवाल आला. १२९ चालू होत्या, त्यांतल्या फक्त १२ नीट पुसलेल्या. लॅमिंग्टन रोडला जुनी डिस्क विकणाऱ्याने किंवा कुर्ल्याच्या भंगारवाल्याला मशीन देणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

ही सगळी कथा फिरत्या तबकडीची. २००९च्या विंडोज ७पासून 'ट्रिम' ही सोय आली: फाइल पुसली की प्रणाली एसएसडीला, म्हणजे तबकडीविना चालणाऱ्या ड्राइव्हला, तसं कळवते आणि ड्राइव्ह ती जागा स्वतःच साफ करून टाकतो. तिथे ना नॉर्टन कामाला येत, ना फोटोरेक. फाइल बहुधा कायमची जाते.

तेव्हा फाइल उडाली तर मशीन लगेच बंद करा. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवू नका, कारण ते नेमकं हरवलेल्या फाइलच्या जागेवर जाऊन बसू शकतं. डिस्क दुसऱ्या मशीनला जोडा, आधी तिची पूर्ण प्रत काढा आणि शोधाशोध त्या प्रतीवर करा. डिस्क टकटक वाजत असेल तर घरी काहीच करू नका, थेट लॅबला न्या.