शंभर जणांचा कायदा

२ जुलै १९४६ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी एका कायद्यावर स्वाक्षरी केली. त्या कायद्यान्वये हिंदुस्थानातील अवघ्या शंभर माणसांना दरसाल अमेरिकेत स्थायिक होण्याची मुभा मिळाली. शंभर माणसांसाठी त्या बलाढ्य राष्ट्राच्या विधिमंडळात दोन वर्षांहून अधिक काळ वाद चालावा, हे प्रथमदर्शनी विलक्षण वाटते. परंतु वादाचे मूळ त्या संख्येत नव्हते. ते १७९० सालच्या एका शब्दात होते.

त्या साली अमेरिकेने नागरिकत्वाचा पहिला कायदा केला आणि परदेशातून आलेल्या स्वतंत्र 'गोऱ्या' माणसासच नागरिक होता येईल, असे ठरविले. यादवी युद्धानंतर, १८७० साली, आफ्रिकन वंशाच्या लोकांना ती वाट मोकळी झाली. आशियातून आलेल्यांचे काय, आणि गोरा म्हणावे तरी कोणास, याचा खुलासा कायद्यात नव्हता.

पंजाबातून गेलेले भगतसिंग थिंड (हुतात्मा भगतसिंग ते हे नव्हेत) पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. त्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. मानववंशशास्त्राच्या आधारे उत्तर हिंदुस्थानातील उच्चवर्णीय हे कॉकेशियन, अर्थात गोरे होत, असा त्यांचा युक्तिवाद होता. भिंत पाडावी असे हा युक्तिवाद म्हणत नव्हता. आपणांस भिंतीच्या आत मोजावे, एवढेच त्याचे मागणे होते. काही महिन्यांपूर्वीच एका जपानी अर्जदारास नकार देताना न्यायमूर्ती सदरलंड यांनी गोरा म्हणजे कॉकेशियन असे म्हटले होते. १९२३ च्या फेब्रुवारीत त्यांनीच निर्णय दिला की, पंडितांचे वर्गीकरण येथे कामाचे नाही. सामान्य माणूस ज्यास गोरा समजतो, तोच गोरा.

या निकालानंतर पूर्वी दिलेली नागरिकत्वेही रद्द होऊ लागली. थिंड यांच्या वकिलांपैकी सखाराम गणेश पंडित यांच्यावरही ही वेळ आली. त्यांनी स्वतःचा खटला लढविला आणि १९२६ साली अपील न्यायालयात जिंकला. सर्वांच्या वाट्यास असे यश आले नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णो दास बगाई यांनी नागरिकत्व आणि दुकान दोन्ही गमावले आणि १९२८ साली आत्महत्या केली. कॅलिफोर्नियात तर नागरिक होण्यास अपात्र अशा परदेशीयास शेतजमीन विकत घेता येत नसे. पंजाबी शेतकरी दुसऱ्याच्या नावावर जमीन कसत.

दुसऱ्या महायुद्धाने हे चित्र पालटले. चीन मित्रराष्ट्र असल्याने १९४३ साली चिन्यांवरील बंदी उठली. हिंदी सैनिकही त्याच बाजूने लढत होते. न्यूयॉर्कमधील इंडिया लीगचे सरदार जे. जे. सिंग यांनी हा मुद्दा हाती धरला. रिपब्लिकन पक्षाच्या क्लेअर बूथ लूस आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे इमॅन्युएल सेलर यांनी विधेयके मांडली. मजुरांच्या रोजीचा प्रश्न कामगार संघटनांनी उपस्थित केला. शंभरावर एकही येणार नाही, असे समर्थक पुनःपुन्हा सांगत. विरोधकांस धास्ती होती ती पायंड्याची. १९४५ च्या मार्चमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी पाठिंब्याचे पत्र धाडूनही समितीने विधेयक बाजूस ठेवले. त्याच साली १० ऑक्टोबरला प्रतिनिधिगृहाने आणि पुढील वर्षी सीनेटने ते संमत केले. फिलिपिनो लोकांनाही त्यातच हक्क मिळाले.

वंशाची मोजणी मात्र त्या कायद्यातही राहिली: हिंदी वंशाचा मनुष्य लंडनमध्ये जन्मला, तरी तो हिंदुस्थानच्या शंभरांतच धरला जाई. खरा लाभ झाला तो आधीपासून तेथे असलेल्यांना. १९४० च्या शिरगणतीत त्यांची संख्या २,४०५ होती. त्यांतील एक दलीपसिंग सौंद. गणितातील डॉक्टरेट मिळवून ते इंपीरियल खोऱ्यात शेती करीत होते. १९४९ साली ते नागरिक झाले आणि १९५६ साली त्याच प्रतिनिधिगृहावर निवडून आले. सेलर तेव्हाही सभागृहात होते. देशवार व वंशवार वाटे मोडीत काढणारा १९६५ चा कायदाही पुढे त्यांच्याच नावाने ओळखला गेला.